धुळीसाठी एक अख्खी फळी

वडीलधाऱ्या आणि माझ्या डोळ्यांचा उजेड असलेल्या तलअत आबजीस, धाकट्या भावाचा, फरामर्झचा अहवाझहून सलाम.

तुझ्या घरावर देवाची सावली आणि छपरावर रश्तचा पाऊस असाच राहो. दाजींना, नवझर आगांना, माझा वेगळा सलाम सांग. त्यांच्या गुडघ्यांना आता उतार असेल अशी आशा आहे. (मागे तू कळवलं होतंस की उजवा गुडघा सुधारला, पण त्याचं दुखणं डाव्यात गेलं. दुखणं एका गुडघ्यातून दुसऱ्यात कसं जातं ते मला कळलं नाही. पण हल्ली मला बरंच काही कळत नाही, त्यात हे एक.) तुझ्या लसणाच्या लोणच्याच्या बरण्या ठीक आहेत ना? मागच्या भिंतीवरचं शेवाळ खरवडलंस का? तुमच्याकडे भिंती हिरव्या होतात, आमच्याकडे माणसं तपकिरी होतात. ज्याचं त्याचं नशीब.

फोन सोडून हा पत्र का लिहीत बसलाय, असं तुला वाटेल. गेल्या आठवड्यात मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तू "फरामर्झ, आवाजच येत नाही रे," म्हणालीस आणि ठेवून दिलास. नवल एवढंच की मी बोलायला तोंड उघडायच्या आधीच तू हे म्हणालीस. लाइन बिघडलेली असणार. पत्राला लाइन लागत नाही, म्हणून पत्र.

इकडे सगळं ठीक आहे. माझी तब्येत उत्तम. तुझी भावजय शौकत हवापालटासाठी बाहेरगावी गेली आहे, तेव्हा तिचीही तब्येत उत्तमच असावी. सांगण्यासारखं तसं काही नाही. जे थोडंसं घडलं ते दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून तुझ्या कानावर जाण्याआधी माझ्याकडून जावं, इतकाच हेतू.

तुला ठाऊकच आहे की पानगळीच्या सुमारास मी रेल्वेच्या गोदामातून निवृत्त झालो. लोकांनी हार घातले, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मी घरी. आबजी, खरं सांगू का? मला तोवर वाटायचं की आमचं घर मुळातच स्वच्छ आहे. काही माणसं कशी मुळातच गोरी असतात, तसं. सकाळी कामावर जावं तेव्हा घर स्वच्छ, संध्याकाळी यावं तेव्हाही स्वच्छ. मधल्या वेळात काय होतं याचा विचार करायचं मला कधी कारणच पडलं नाही. (गोदामात मात्र मी धुळीचा विचार करायचो. तिथे खोक्यात धूळ गेली की वरून पत्र यायचं. घरी कोण पत्र पाठवणार?) निवृत्तीच्या पहिल्या सकाळी मी उठून बघतो तो शौकतने सगळ्या खिडक्या सताड उघडलेल्या, डोक्याला फडकं बांधलेलं, आणि सबंध घरात असा लोट उठलेला की मला वाटलं छप्पर कोसळलं. मी ओरडलो. ती म्हणाली, "काही नाही हो, झाडतेय. तुम्ही अंगणात बसा." मी बोरीखाली जाऊन बसलो. मग तिने दिवाणखान्यातली सतरंजी आणली आणि शेजारच्या उम्म सुहैलच्या बाजूच्या भिंतीवर टाकून बडवायला घेतली. भिंतीच्या पलीकडून उम्म सुहैलही तिची सतरंजी बडवत होती. मध्ये धुळीचा ढग, आणि त्या ढगातून दोघींच्या गप्पा. कुणाची सून रुसली, बाजारात भेंडी कशी आली, कारून नदीच्या पुलावर काय झालं. तासभर चाललं ते.

(उम्म सुहैल तुला आठवत असेल. आमच्या लेकीच्या, मेहरनूशच्या लग्नात एवढ्या मोठ्याने किलकारी दिली होती की वाजंत्रीवाला थांबला, तीच. तिचे यजमान अबू सुहैल, त्यांची छाती तेव्हापासूनच घरघरते.)

मी गोदामातला माणूस. माल कुठून येतो आणि कुठे जातो हे बघायची मला सवय. मी शौकतला शांतपणे विचारलं, "अगं, तू बडवलेली धूळ तिच्याकडे जाते."

"जाते."

"आणि तिने बडवलेली आपल्याकडे येते."

"येते."

"मग?"

"मग काय?"

आबजी, "मग काय" याला काय उत्तर आहे? मी रात्रंदिवस डोकं खाजवलं. दोन समंजस बायका इतकी वर्षं एकमेकींच्या घरातली धूळ अदलाबदल करतायत, आणि दोघींनाही हे ठाऊक आहे! मला वाटलं, बिचारीला कुणी मार्ग दाखवला नाही. आता मी घरी आहे. आता मी दाखवतो.

हिवाळा लागला तसा मी कामाला लागलो. खिडक्यांच्या फटींत रबराच्या पट्ट्या बसवल्या, वरून गोदामात वापरतात ती रुंद चिकटपट्टी. न्हाणीघराच्या झरोक्यात माझा जुना लोकरी मोजा. (तो नवझर आगांनी दिलेल्या जोडीतला. त्यांना सांगू नकोस.) दाराखाली कातड्याची झालर. किल्लीच्या भोकात मेण. हे मेण जरा अंगाशी आलं, कारण पहिल्याच संध्याकाळी आम्ही दोघं बाहेर राहिलो आणि मला छपरावरून आत उतरावं लागलं. पण नव्या कामात असं व्हायचंच. मग मी ठरवलं की धूळ दोन वाटांनी येते. एक वाऱ्याने आणि दुसरी माणसांनी. वाऱ्याचा बंदोबस्त झाला होता. माणसं उरली होती.

म्हणून दारामागच्या बोळात मी एक पडदा लावला आणि साधे नियम ठरवले. येणाऱ्याने चपला बाहेर काढाव्यात, बोळात पाय धुवावेत, अंगावरचे कपडे झटकावेत आणि धूळ खाली बसेपर्यंत पडद्याअलीकडे शांत उभं राहावं. मग आत यावं. सांग, यात कुणाला अपमान वाटण्यासारखं काय आहे? इस्पितळात याहून जास्त असतं. पण उम्म सुहैल दुपारी नेहमीसारखी चहाला आली, आणि मी तिला अत्यंत नम्रपणे म्हटलं की बाई, आत येण्याआधी तुमची अंगावरची चादर तेवढी दोनदा झटका. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग लेकीच्या नावाने हाक मारायच्या तिच्या रीतीप्रमाणे म्हणाली, "ओ अबू मेहरनूश, मी काय सतरंजी आहे?" मी म्हटलं, तसं नव्हे. ती म्हणाली, "मग बडवायला काठी कशाला घेऊन उभे आहात?" काठी माझ्या हातात होती हे खरं, पण ती पडदा वर उचलायला होती! एवढं समजावून सांगेपर्यंत ती निघून गेली. शौकत आतून हे सगळं ऐकत होती. तिने दोन पेले मांडले होते, त्यातला एक उचलून परत कपाटात ठेवला.

मग नवरोज आला. सणाच्या पहिल्या दिवशी मेहरनूश आणि जावईबापू कियूमर्स आले. कियूमर्स रस्ते बांधायच्या कामावर देखरेख करतो. मुलगा सोन्यासारखा आहे, पण त्याच्या बुटात, खिशात, भुवयांत, सगळीकडे अर्धा रस्ता असतो. सणाचे नवे कपडे घालून आला होता, तरी वाटेत कुठेतरी गाडीतून उतरून खडी बघून आलाच. मी दोघांना बोळात उभं केलं. मेहरनूशला हसू येत होतं. कियूमर्स हात छातीवर ठेवून, वाकून, आपल्या रीतीप्रमाणे म्हणाला, "आगाजान, सण मुबारक. मी तर तुमच्या पायाची धूळ."

आणि मी म्हणालो, "मग बाहेरच थांब."

आबजी, देवाशपथ सांगतो, मी विचार करून बोललो नाही. धूळ हा शब्द कानावर पडला आणि तोंडातून गेलं. जगात कुणीही कुणालाही "तुमच्या पायाची धूळ" म्हणतं, समोरचा "छे छे, तुम्ही तर डोक्यावरचा ताज" म्हणतो, आणि सगळे आत येऊन मिठाई खातात. मलाही हे येतं. गोदामात मी दिवसातून वीसदा म्हणायचो. पण त्या दिवशी ताज आठवला नाही. कियूमर्स तसाच वाकलेला राहिला. मेहरनूशचं हसू बंद झालं. आतून शौकत मिठाईचं ताट घेऊन आली, तिने पडदा बाजूला केला, तिघांची तोंडं बघितली, आणि ताट घेऊन परत गेली. ते दोघं आत आले, बसले, चहा प्यायले. कियूमर्स सोफ्याच्या अगदी कडेवर, जेवढा कमी टेकता येईल तेवढा टेकून. जाताना म्हणाला, "आगाजान, आता तुम्हीच या आमच्याकडे." किती अगत्याचा मुलगा, असं मी शौकतला म्हटलंसुद्धा. त्यानंतर ती दोघं आली नाहीत. कामात असतील.

पण घर, आबजी, घर! तू बघायला हवं होतंस. मी पांढरा रुमाल घेऊन सबंध घरभर फिरलो, दारांच्या वरच्या कडा, घड्याळाचा माथा, आरशामागे, आणि रुमाल पांढराच्या पांढरा. अहवाझमध्ये! जिथे माणूस जांभई देऊन तोंड मिटतो तेव्हा दातांत वाळू करकरते! मी तो रुमाल शौकतला दाखवला. तिने उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "हो." इतकंच. सकाळी ती नेहमीच्या वेळी उठली, डोक्याला फडकं बांधलं, आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली. मी म्हटलं, अगं सोड ते आता. ती म्हणाली, "मग मी काय करू?" मी म्हटलं, बस. ती बसली. (ती बसली की मला कसंतरीच होतं. लग्न झाल्यापासून मी तिला उभीच पाहिली आहे.) मी पेपर वाचत होतो, ती चिकटपट्टी लावलेल्या खिडकीकडे बघत होती. तासाभराने म्हणाली, "उम्म सुहैलने आज सतरंजी नाही झटकली?" मी म्हटलं, झटकली असेल, आता आपल्याला ऐकू येत नाही. आवाजसुद्धा आत येत नाही, असं काम झालंय. मला वाटलं, तिला कौतुक वाटेल.

आता जे सांगतो ते कुणाला सांगू नकोस, नवझर आगांनाही नको.

सण संपल्यावर एक दिवस आरशाखालच्या फळीवर मला धूळ दिसली. थोडीशी, पण धूळच. कुठून आली? मी खिडक्या तपासल्या, झालर तपासली, मोजा काढून दुसरा घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्याच फळीवर. आणि शौकत ती पुसत होती, हळूहळू, कोपऱ्यापासून, मान तिरकी करून, अगदी गाणं गुणगुणत. तिसऱ्या दिवशी तेच. मी छपरावर चढलो, भिंतींना कान लावले, मेणबत्ती पेटवून ज्योत कुठे हलते ते बघत घरभर फिरलो. ज्योत कुठेच हलेना. माझं डोकं चालेना. मग एका सकाळी मी स्वयंपाकघराच्या दाराच्या काचेतून सहज अंगणात बघितलं. शौकत बोरीखाली उकिडवी बसली होती. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, जमिनीवरची चिमूटभर धूळ उचलली, आणि झग्याच्या खिशात टाकली. मग अजून एक चिमूट.

आबजी, लोकांच्या बायका घरातून बाहेर चोरून काय काय नेतात. माझी बायको बाहेरून आत धूळ चोरून आणत होती.

मी रागावलो नाही. रागावायला आधी काहीतरी समजावं लागतं. मी तिला बोळातच गाठलं आणि विचारलं, "शौकत, खिशात काय आहे?" तिने लपवलं नाही. म्हणाली, "धूळ." "कशाला?" ती म्हणाली, "मला थोडी लागते."

थोडी लागते! मीठ लागतं, साखर लागते, एखाद्याला विडी लागते हे मी समजू शकतो. मी तिला म्हटलं की वेडे, जिच्यापायी आयुष्यभर तुझी कंबर मोडली तीच तुला लागते? ती म्हणाली, "कंबर मोडली हे तुम्ही कधी बघितलंत?" या प्रश्नाचा धुळीशी काय संबंध, तेही मला कळलं नाही. तरी मी वाद घातला नाही. मी विचार केला, बाईमाणूस आहे, सवय लागली असेल, एकदम तोडू नये, हळूहळू सोडवावी. आणि मी मन मोठं केलं. मी म्हटलं, "ठीक आहे. आरशाखालची ती फळी तुझी. अख्खी फळी. तिच्यावर तुला हवी तेवढी धूळ टाक आणि हवी तेवढी पूस. बाकीचं घर मात्र असंच राहील." तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी फार लांबच्या फलाटावर उभा आहे आणि मी नक्की तोच का याची तिला खात्री पटत नाहीये. मग खिसा उलटा करून तिने ती धूळ बोळातच टाकली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी छपरावर पाण्याच्या नळाच्या तळाशी सिमेंट लावत होतो. खाली आलो तर शौकत नाही. तिची पिशवी नाही. भिंतीवरून उम्म सुहैलने मान वर काढली. एवढ्या दिवसांनी ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होती.

"गेली," ती म्हणाली.

"कुठे?"

"जिथे हवा आत येते तिथे."

हवापालट, तो हाच. अख्खी फळी देऊ केली होती, आबजी! कुठला नवरा देतो?

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. ती गेली आणि चार दिवसांनी आमच्याकडे ते वादळ आलं. तुमच्या बातम्यांत दाखवलं असेल. दुपारी सूर्य गेला आणि आकाश विटकरी झालं. शाळा बंद, कचेऱ्या बंद, कारूनचा पूल दिसेना. मी माझ्या घरात बसलो होतो, आणि आत काही नाही, कणभर नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी. मी उगाचच शौकतला हाक मारली, "बघ, कणभर नाही." मग आठवलं. एवढं छान काम झालं आणि दाखवायला कुणी नाही याचं मला वाईट वाटलं, की दुसऱ्याच कशाचं वाटलं, ते मला सांगता येणार नाही.

तेवढ्यात दार धडधडलं. उघडतो तर उम्म सुहैल, आणि तिच्या खांद्यावर भार टाकलेले अबू सुहैल. त्यांच्या खोलीची खिडकी चौकटीसकट उडून गेली होती. म्हाताऱ्याचे ओठ काळेनिळे पडले होते आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. उम्म सुहैल उंबऱ्यावर थांबली. त्या वादळात, तोंडात माती जात असताना, थांबली, आणि म्हणाली, "अबू मेहरनूश, कुठे झटकू ते लवकर सांगा." मी तो पडदा कडीसकट ओढून खाली पाडला. म्हाताऱ्याला दोघांनी उचलून सोफ्यावर निजवलं. मी त्यांच्या तोंडावर ओलं फडकं धरलं, तिने पाठ चोळली. बऱ्याच वेळाने शिट्टी कमी झाली, रंग परतला, आणि डोळे उघडून त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "शौकतबाई कुठे आहेत? चहा नाही का?"

आमच्या गल्लीत बातमी वाऱ्याआधी पोचते. फरामर्झच्या घरात धूळ नाही म्हटल्यावर कोपऱ्यावरची बाळंतीण आली, तिची सासू आली, रोटीवाला आला आणि उरलेल्या रोट्या घेऊन आला, ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत असे लोक आले. बुटांसकट. मी बोळात उभा राहून "या, या, पायधूळ झाडा" म्हणत होतो, आणि ते खरंच झाडत होते. दोन दिवस माझ्या घरात लग्नघरासारखी गर्दी. कुणी भात शिजवला, कुणी माझे चांगले पेले काढले, बाळ रडलं, उम्म सुहैलने अंगाई म्हटली. आणि प्रत्येक जण आत आला की तोच प्रश्न, "शौकत दिसत नाही?" सुरुवातीला मी हवापालट म्हणून सांगत होतो. मग उम्म सुहैलच मध्ये पडून म्हणायला लागली, "विचारू नका त्यांना. त्यांनाही माहीत नाही."

तिसऱ्या दिवशी वारा पडला, लोक दुवा देत घरोघर गेले, आणि मी दिवाणखान्याच्या मधोमध उभा राहिलो. आबजी, नांगर घालून गहू पेरता आला असता. मी एक फडकं घेतलं. ओलं करून पुसलं तर टेबलावर चिखल झाला. कोरड्याने पुसलं तर इथली धूळ तिथे गेली आणि थोड्या वेळाने परत आली. वरून सुरुवात केली तर खालचं घाण झालं, खालून केली तर वरचं खाली आलं. संध्याकाळपर्यंत मी एक खुर्ची स्वच्छ केली आणि तिच्यावर बसायला गेलो तर माझ्याच पाठीने ती पुन्हा मळली. कंबर धरून जमिनीवर बसलो. हे ती रोज करायची? माझा डबा भरून, मी संध्याकाळी यायच्या आत, रोज? आणि वर गप्पाही मारायची? मला अजून याचा हिशेब लागलेला नाही.

तर असं सगळं. बाकी क्षेम. तुझ्या हातचे अक्रोडाचं सारण भरलेले कोलूचे खाऊन फार दिवस झाले. नवझर आगांच्या दोन्ही गुडघ्यांना आराम पडो.

तुझा धाकटा,
फरामर्झ

ता. क. आबजी, तिसऱ्या फोनच्या वेळी तू "आवाज येत नाही" म्हणत होतीस तेव्हा मागून कुणीतरी शिंकलं. एक मोठी शिंक, मग थांबून दोन बारक्या. अशी शिंक इराणात एकाच बाईची आहे, आणि मी तिच्याशेजारी अर्धं आयुष्य झोपलो आहे. तेव्हा तू आता माझ्यापासून लपवू नकोस. मी रागावलेलो नाही. ती सर्दीला काढा घेतेय का तेवढं बघ. रश्तची ओल तिला सोसत नाही. आणि जमलं तर तिला विचार की माझं नक्की काय चुकलं. फळी लहान होती का? दोन दिल्या असत्या.

ता. क. २. स्वयंपाकघरात खुंटीला दोन फडकी आहेत, पिवळं आणि निळं. कुठलं आधी? तू स्वतःला जाणून घ्यायचं आहे असं दाखवून विचार. मी विचारलंय हे कळू देऊ नकोस.

ता. क. ३. पाकिटाला डिंक लावायला घेतलं आणि फोन वाजला. शौकत! सलाम नाही, दुवा नाही. म्हणाली, "अहो, कुठल्याही फडक्याला हात लावू नका, चिखल कराल. उम्म सुहैलने सगळं सांगितलंय. आम्ही इथे दोघी हसून हसून मेलो." (म्हणजे तूही हसलीस. असो.) मग जरा थांबून म्हणाली, "अबू सुहैलना आत घेतलंत ते बरं केलंत." मग आणखी थांबून, "गुरुवारी निघते. घर आहे तसंच ठेवा. मी आल्यावर बघते." आणि ठेवला. मी रिकामा फोन हातात धरून बराच वेळ उभा होतो. तेव्हा वरच्या पत्राची आता गरज उरलेली नाही, पण एवढं लिहिलंय तर पाठवतो.

ता. क. ४. आबजी, अनर्थ झाला. मी टपालपेटी शोधायला गेलो होतो (सापडली नाही), तेवढ्यात मेहरनूश आणि कियूमर्स आले. आईच्या येण्याची बातमी त्यांनाही लागली होती. लेकीला वाटलं आई दमून येईल, जावयाला वाटलं सासऱ्याची अडचण झालीय. त्याने रस्त्याच्या कामावरची चार माणसं आणि पाण्याचा पाइप आणला, आणि मी परत येईपर्यंत घर छपरापासून उंबऱ्यापर्यंत धुऊन, पुसून, लख्ख! सोफ्याखालीसुद्धा काही शिल्लक ठेवलं नाही. मी कियूमर्सला मिठी मारली. दुसरं काय करणार? तो एवढा खूश झाला की म्हणाला, दर आठवड्याला येईन.

तेव्हा आबजी, माझी खरी विनंती आता ही आहे. शौकतला गुरुवारी सोडू नकोस. नवझर आगांचे गुडघे पुढे कर, तिकीट मिळत नाही म्हण, लोणचं घालायला बसव, काहीही कर, पण आठवडाभर तिला ठेवून घे. मी सगळ्या चिकटपट्ट्या फाडल्या आहेत, झरोक्यातला मोजा काढला आहे, दारं-खिडक्या उघड्या टाकून बसलो आहे. पण वादळानंतर इथे रात्री एक सर पडून गेली, आणि आता वारा नाही, काही नाही, हवा काचेसारखी. पुलापलीकडची माणसं ओळखू येतात. अशी हवा अहवाझला मी जन्मात बघितली नाही. सकाळपासून फळीसमोर खुर्ची टाकून बसलोय, आणि अजून एक कणही आलेला नाही.